राजाची जीभ

आमच्याकडे राजा भरसभेत स्वतः बोलत नाही. तो माझ्या कानात पुटपुटतो आणि मी ते गोड करून लोकांना सांगतो. इतकी वर्षं आमच्या राजाच्या, नानान असुमूंच्या, शिव्यांचेसुद्धा मी आशीर्वाद करत आलो. त्याच गोडव्यावर ते महापौरही झाले.

आज सकाळी नदीकाठच्या कोकोच्या बागांत यंत्रं घुसली आणि झाडं आडवी झाली. डोक्याला निषेधाची लाल फडकी बांधून सगळा गाव राजाच्या अंगणात जमला. म्हातारी एबा ओरडली, "नानान, आमच्या बागा कुणी विकल्या? आणि तू रे आदू, आज तोंडात मध धरून बोललास तर याद राख!"

नानान माझ्या कानाशी वाकले. "खाणवाल्यांना मीच दिल्या. मला आमदार व्हायचंय, त्यांना दुखवून कसं चालेल? या गाढवांना ते कळायचं नाही. नेहमीसारखं गोड करून सांग."

मी उठलो. सोन्याच्या मुठीची काठी जमिनीवर आपटली.

"नानान म्हणतात, बागा खाणवाल्यांना मीच दिल्या. मला आमदार व्हायचंय. या गाढवांना ते कळायचं नाही."

मागून माझ्या खांद्यावरचं कापड कुणीतरी खसकन ओढलं. वळून पाहिलं, तर नानान तोंड उघडून उभे होते. पण भरसभेत राजाला बोलता येत नाही. त्यांनी तोंड मिटलं.

"आणि नानान म्हणतात," मी आवाज चढवला, "हे गोड करून सांग."