गुलाबी पाण्याचा नमुना

उन्हाळी विज्ञान शिबिराच्या यंत्राने हर्षालीच्या घरातल्या तीन पिढ्यांचं शिक्षण तपासलं आणि सांगितलं, “संशोधनाची परंपरा नाही. मार्गदर्शक मिळणार नाही.”

मिठागरातलं पाणी गुलाबी का होतं, हे दहावीतल्या हर्षालीला शोधायचं होतं.

“विषय मात्र चांगला आहे,” यंत्र म्हणालं. “तो दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलाय. पाण्याचे नमुने तुम्ही आणून द्या.”

सोबत आलेली आजी उसळली. “मीठ कधी धरेल, ते चाळीस वर्षं मिठागराचं पाणी चाखून सांगतेय मी! ती परंपरा नाय?”

“त्याची नोंद नाही.”

आजीने पिशवीतली गुलाबी पाण्याची बाटली उघडून यंत्रापुढे धरली. “मग तू चाख नि सांग, कधी धरेल?”

यंत्राने पुढच्या विद्यार्थ्याचं नाव पुकारलं.

आजीने बूच लावलं. “चल गो हर्षा, मीच शिकवीन तुला. यांना थेंबभर पाणी द्यायचं नाय.”