बोळाचं माप

पलसाण्याच्या कापडमिलमध्ये ताक्यांची रास कोसळून पंडितचे दोन्ही पाय गेले. शेठनं त्याची मोटारसायकल हातानं चालेल अशी करून द्यायचं कबूल केलं. त्याच दिवशी पंडितच्या बायकोनं घराच्या बोळाची रुंदी सुतळीनं मोजून सुतळी गॅरेजवाल्याला दिली. “भाऊ, बाजूची चाकं ह्याच्या आतच बसव, नाहीतर गाडी दाराशी यायची नाही.” आज मिलच्या फाटकात गाडी नटून उभी होती. हँडलला झेंडूचा हार बांधला होता, त्याच सुतळीनं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हार ओरबाडून तिनं सुतळी चाकापासून चाकापर्यंत ताणली. वीतभर कमी पडली. “शेठ म्हणाले, मोठी चाकं फोटोत शोभतात,” गॅरेजवाला पुटपुटला. “मग ह्यांनी बोळाच्या तोंडापासून सरपटत यायचं?” “बेन, पहले फोटो,” शेठ हसले. तिनं सुतळीचं अपुरं टोक त्यांच्या मुठीत कोंबलं. “धरा. आता काढा फोटू.”