एक्केचाळिसावा दिवस

चर्चमध्ये ईस्टरच्या मिस्सेत आग्नेसचं नाक सारखं नवऱ्याच्या तोंडाशी जात होतं. उपवासकाळाचे चाळीस दिवस बस्त्याव दारूला शिवत नसे. उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी बाटली तिच्या हवाली करायचा, ईस्टरला मिस्सेहून आल्या आल्या मागून घ्यायचा आणि संध्याकाळी ओट्यावर पालथा पडलेला असायचा.

फादर सांगत होते, "रिकामी कबर पाहून मरिया मग्दालियाला आधी वाटलं, कुणीतरी प्रभूचा देह पळवला."

घरी चहा पिऊन झाला, तरी बस्त्यावने बाटली मागितली नाही. तिने तांदळाच्या पिंपात हात घातला. बाटली होती, पण रिकामी.

"कधी ढोसलीत?"

"पहाटे केळीच्या बुंध्याशी ओतली. दरवर्षी प्रभू कबरेतून उठतो, त्याच दिवशी मी पडतो."

"मला शिकवू नका!" ती तरातरा वाडीत जाऊन वाकली. ओल्या मातीला तोच ओळखीचा वास येत होता. मागे येऊन उभ्या राहिलेल्या बस्त्यावच्या तोंडाला मात्र नुसता चहाचा.

"चाळीस दिवस तर दरवर्षीच काढता. आज एक्केचाळिसावा," ती म्हणाली. "मी उद्याही वास घेणार."

"रोज घे."