दारात विचारलेलं मत

टीव्हीवरच्या सर्व्हेत सत्ताधारी पक्षाची मतं एकदम वाढलेली दिसली, तेव्हा दिगंबर इंगोले जेवता जेवता थांबला. तो त्याच पक्षाचा तालुकाध्यक्ष होता. ही वाढ टिकली तर नगराध्यक्षपदाला उभं राहायचं, असं त्याच्या मनात होतं.

"आपल्याकडेही आली होती एक सर्व्हेवाली मुलगी," त्याची बायको मंदा भाकरी वाढत म्हणाली. "मी तुमच्याच पक्षाचं नाव सांगितलं."

"सांगणारच की," तो हसला.

"दारावर तुमचा झेंडा, मग दुसरं काय सांगणार? शेजारच्या वत्सलाकाकूंनीही तेच सांगितलं. घरकुल अडेल, अशी भीती वाटते त्यांना."

दिगंबरचा घास हातातच राहिला. "म्हणजे तू आम्हाला मत देणार नाहीस?"

"तसं कुठं म्हणाले? देईनही. माझं अजून ठरलं नाही."

रागवावं की हसावं, त्याला कळेना. हिचं मत कुणाला, हे लग्नापासून त्याने कधी विचारलंच नव्हतं. मग गावाचं कसं ओळखायचं? आणि काकू खरंच भीतीपोटी बोलल्या असतील का?

तेवढ्यात पक्षाच्या जिल्हाध्यक्ष साहेबांचा फोन आला. "इंगोले, सर्व्हे पाहिला ना? खरं सांगा, मतदानापर्यंत टिकेल का हे तुमच्याकडे?"

दिगंबरने मंदाकडे पाहिलं. ती शांतपणे त्याच्या ताटात भाजी वाढत होती.

"टिकेल की साहेब," त्याच्या तोंडून निघून गेलं.