तेलकट फडकं

नव्या कॉम्प्रेसरचा शेवटचा बोल्ट आवळून झाला आणि युसूफनं खांद्यावरचं फडकं काढलं. पाइप अजून जोडायचे होते. तोवर कॉम्प्रेसरची उघडी तोंडं त्यानं फडक्यानं झाकली, वरून सुतळी गुंडाळली आणि चहासाठी गाडीपासून बाजूला झाला.

ओट्यावरच्या खुर्चीतून नारायणराव हसले. "आज बरं आठवलं बे फडकं. तवाच बांधलं असतं, तं पाच महिने घाम पुसत नसतो बसलो मी."

"चुकलं, भाऊ," युसूफ म्हणाला.

चहाची कपबशी घेऊन आलेल्या नारायणरावांच्या पत्नी सत्यभामाबाई उंबऱ्यातच थांबल्या. फडक्याची गोष्ट त्यांच्या कानावर आज पहिल्यांदा येत होती.

गाडी परदेशी होती. मुंबईचा एक गोरा साहेब मायदेशी जाताना विकून गेलेली, जुनी, पण आत थंड हवेचं यंत्र असलेली. सोनाळा गावात तशी दुसरी नव्हती. वैशाखात नारायणराव काचा चढवून ती बाजारातून नेत, आणि गाडी थांबली की लोक काचेला हात लावून गारवा बघत. तिची सगळी देखभाल युसूफकडं होती. मळ्यातलं इंजिन, ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, बारा वर्षं सगळं त्याच्याच हाताखालून जायचं.

गेल्या नवरात्रात यंत्राचा पाइप फुटला. नवा अकोल्याहून यायचा होता, म्हणून युसूफनं जुना काढून ठेवला. दसऱ्यानंतर नवा जोडला, गॅस भरला, यंत्र चालू केलं. अर्ध्या तासात आत किरकिर झाली, पट्टा जळाल्याचा वास आला आणि यंत्राचा कॉम्प्रेसर जाम होऊन बसला. युसूफनं तो गोठ्यामागं नेऊन खोलला. बराच वेळ तो तिथंच बसून होता. मग नारायणरावांकडं जाऊन, फडकं बांधायचं राहिलं, असं सांगून त्यानं चूक कबूल केली. घरातल्या बायकांपर्यंत एवढंच आलं, की युसूफमुळं गाडी बिघडली.

"युसूफचा हात सुटला आता, पयलेसारखं काम नाही राह्यलं," असं पहिल्यांदा म्हणाल्या त्या सत्यभामाबाईच. विहिरीवर म्हणाल्या, भजनाला बसल्या तिथं म्हणाल्या. मोठ्या घरची बाई बोलते म्हटल्यावर गावानं ते खरं धरलं. लोक आपली इंजिनं दुसरीकडं नेऊ लागले. दुसरा कॉम्प्रेसर मुंबईहून शेगावच्या स्टेशनावर उतरायला फाल्गुन उजाडला. तोवर युसूफच्या शेडसमोर गवत वाढलं होतं. आज चारच्या एस.टी.नं तो बऱ्हाणपूरला मेव्हण्याकडं निघणार होता, कायमचा. त्याची बायको खुर्शीदा हिनं बोचकी बांधून ठेवली होती. जायच्या आधी भाऊंच्या गाडीत कॉम्प्रेसर बसवून देतो, एवढं त्यानं मागून घेतलं होतं.

आणि आता सत्यभामाबाईंना खंडेनवमी आठवत होती.

त्या दिवशी विळे, कुऱ्हाडी, इंजिन, सगळं पुजून झाल्यावर त्या गाडीपाशी गेल्या होत्या. नारायणराव तालुक्याला गेलेले. गाडीचं तोंड उघडं होतं आणि ज्या यंत्रानं उन्हाळाभर थंडावा दिला त्याच्यावर काळं, तेलकट फडकं बांधलेलं. पूजेच्या दिवशी असं कुणी ठेवतं का, असं मनाशी म्हणत त्यांनी सुतळी सोडली. फडकं बाजूला केलं. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. मग फडकं होतं तसं परत बांधून टाकलं.

"चहा थंडा होऊन राह्यला, बाई," युसूफ म्हणाला.

त्यांनी कपबशी त्याच्या हातात दिली. त्यानं वर पाहिलं नाही.

तासाभरात पाइप जोडून झाले. यंत्र सुरू झालं, कुठंही कुरकुर नाही. नारायणराव आत जाऊन बसले, काचा चढवल्या आणि डोळे मिटून मागं टेकले. युसूफनं पाने-पेचकस पिशवीत भरले. ओट्याशी येऊन त्यानं खिशातून वर्तमानपत्राची लहानशी पुडी काढली.

"हे तुमचं, बाई. जुन्या कॉम्प्रेसरमधी भेटलं. पूजेचं हाय, कचऱ्यात कसं टाकू? तुळशीत टाका."

त्यांनी पुडी उलगडली. पाच-सहा तांदळाचे दाणे, फुटलेले, तेलानं काळे पडलेले. एका दाण्याच्या पोटाशी कुंकू अजून लाल होतं.

"युसूफभाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सांगतलं काऊन नाही?"

"मले वाटलं, तुमी सांगसान," तो म्हणाला. "मंग वाट पाहून पाहून वाटलं, राहू द्या."

"मले खरंच माहीत नोतं, रे."

युसूफनं पहिल्यांदाच त्यांच्याकडं पाहिलं. मग पिशवी खांद्याला लावून फाटकाकडं निघाला. फाटक तीस पावलांवर होतं. चार वाजायला अजून अवकाश होता.

नारायणरावांनी काच खाली केली. "गाडी गारेगार झाली बरं. काय देऊन गेला तो?"

"काई नाही."

"जाऊ दे. काम जमते त्याले, पण भरवसा नाही. तूच म्हणे ना, हात सुटला त्याचा?"

फाटकाच्या कडीवर युसूफचा हात थांबला. त्याची पाठ त्यांच्याकडं होती.

उघड्या काचेतून गाडीतला गारवा सत्यभामाबाईंच्या पायांपर्यंत येत होता. त्यांनी पुडीवर मूठ मिटली.

"हाव," त्यांनी होकार दिला.