काकांचा तांबडा

घोड्याची शेपटी वर करताच डॉक्टरीणबाईंचं गुणगुणणं थांबलं. शेपटीखाली सुपारीएवढ्या काळ्या, टणक गाठी होत्या.

"काय आहे?" काकांनी विचारलं.

बाई आडवळणाने बोलायच्या नाहीत आणि सहसा चुकायच्याही नाहीत. घोड्यांच्या गाठींत तर त्यांचा हातखंडा. चामखिळीसारखी गाठ सगळ्यांत जास्त आढळणारी. ती कुठल्याही घोड्याला होते. डोळ्याकाठची गाठ बहुधा गुलाबी कातडीच्या घोड्याला. काळी गाठ पांढऱ्यांची. उतारवयात बहुतेक पांढऱ्या घोड्यांना ती होते आणि तिच्यासकट ते वर्षानुवर्षं मजेत चरतात. हा घोडा मात्र आयाळीपासून खुरांपर्यंत तांबडा होता. तांबड्याला काळी गाठ क्वचितच होते, आणि झाली की बहुधा जिवावर उठते.

बाईंनी काकांना हे सगळं सरळ सांगून टाकलं.

काका पालथ्या बादलीवर मटकन बसले. जुनी घोडी गेल्यावर त्यांनी तबेल्याला कुलूप लावलं होतं. पुन्हा जीव लावायचा नाही, असं घरात सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. मग गेल्या आठवड्यात बाजारात हा दिसला. लहानपणापासून त्यांना तांबडाच घोडा हवा होता. या बेट्याने घरी येताच त्यांची टोपी पळवली, आणि झालं! आत्ताही तो तीच टोपी चघळत होता.

"पांढरा असता तर जगला असता, असंच ना?"

"हो, काका."

"म्हणजे रंगानेच घात केला माझा."

बाईंना हात थांबवून चालणार नव्हतं. गाठीचा तुकडा काढून तपासायला हवा होता, त्याआधी गुंगीचं इंजेक्शन. त्यांनी स्पिरिटचा बोळा मानेवर फिरवला. बोळा तपकिरी झाला.

"धूळ असेल," काका ओशाळून म्हणाले. "विकणाऱ्याने बजावलं होतं, महिनाभर अंघोळ घालू नका. याला सर्दी होते म्हणे."

"घोड्याला? सर्दी?"

बाईंनी दुसरा बोळा घेतला. मग तिसरा, आणि कपडे धुवावेत तसं खसाखसा घासायला लागल्या. तांबड्या मानेवर तळहाताएवढा पांढराशुभ्र तुकडा उघडा पडला. इतक्या वर्षांत आपलं निदान चुकल्याचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

"काका, नमुना मी तपासतेच. पण आता काळजी सोडा, हा अजून बरीच वर्षं तुमच्या टोप्या खाणार. आणि त्या माणसाने तुम्हाला चक्क गंडवलंय! म्हातारा पांढरा घोडा रंगवून तुमच्या गळ्यात मारलाय."

काकांनी बोळ्याकडे पाहिलं, मग मानेवरच्या पांढऱ्या तुकड्याकडे. उठून त्यांनी घोड्याच्या गळ्याला मिठी मारली. सदरा तपकिरी झाला, डोळे घळाघळा वाहायला लागले.

"देव त्या लबाडाचं भलं करो!"