एक ओळ राहिलीय

थोरल्या लेकीला माणसांची किंमतच उरलेली नाही, असं माई दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत भेटेल त्याला सुनावत होती. धाकटी आत बाळंतपणात अडकलेली, आणि ही बाई साऱ्या जगाच्या विकासाची उद्दिष्टं ठरवायला परदेशात वाद घालत बसलेली! सभा कालच संपायची होती. सकाळी फोनवर म्हणाली, "मुदत उलटू नये म्हणून त्यांनी सभागृहातलं घड्याळच थांबवलंय, माई. कराराची एक ओळ राहिलीय." "घड्याळ म्हणजे तुमच्या घरची मोलकरीण वाटतं, थांब म्हटलं की थांबायला!" म्हणत माईने फोन ठेवून दिला होता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्त फार गेलं होतं, आणि इथे साठा नव्हता. जावई गाडी काढून शहराकडे सुटला. माईने थोरलीला फोन लावला.

थोरलीला रडू कोसळलं. "मी आत्ता निघते, माई. ती ओळ गेली खड्ड्यात. नाहीतरी खर्चाचं नाव काढलं की सगळे हात वर करतात."

"एवढी कसली गं ओळ?"

"जिथे बाळंतपण होतं, तिथे रक्ताचा साठा असलाच पाहिजे, ही."

माईच्या येरझाऱ्या थांबल्या.

"तू येऊन काय करणार? माझ्याशेजारी बसून रडणार. ते मला एकटीलाही जमतं. घड्याळ थांबवलंय ना त्यांनी? मग ती ओळ कागदावर उतरेपर्यंत चालू करू देऊ नकोस. तशीच उठून आलीस, तर माझ्या घराची पायरी चढायची नाही."